स्टेशनजवळची जुनी इमारत: खाली गाळे, वर घरं, दुरुस्ती आणि वाढीव मजला

दादर, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली अशा कुठल्याही स्टेशनबाहेर ही इमारत दिसते. तळमजल्यावर आठ-दहा गाळे, पहिल्या मजल्यावर क्लास, दवाखाना, एखादं ऑफिस आणि वर तीन मजले घरं. बांधकाम आरसीसीचं, वय चाळीस ते साठ वर्षं. अशा सोसायटीत दोन विषय एकदमच निघतात. इमारत दुरुस्त करायची आहे, आणि शिल्लक चटई क्षेत्र (नियमाने प्लॉटवर अजून बांधता येणारं क्षेत्र) वापरून एखादा मजला वाढवता आला तर खर्चही निघेल. दोन्हींचं उत्तर तळमजल्यावरच्या खांबांत असतं, आणि नेमके तेच खांब गेली कित्येक वर्षं प्लायवूड, आरसे, टाइल्स आणि मालाच्या रॅकमागे झाकलेले असतात. म्हणून गच्चीवरून किंवा बाहेरच्या प्लास्टरपासून सुरुवात करू नका. काम तळमजल्यातून वर जायला हवं.

आधी वजनाची वही

ऑडिटरला (इमारतीची मजबुती तपासणाऱ्या इंजिनिअरला) बोलावण्याआधी सोसायटीने स्वतः करण्यासारखं एक काम आहे. प्रत्येक गाळा आणि खोली फिरून तिथे आज काय चालतं, काय साठवलं आहे, कुठली भिंत पाडली किंवा नवी बांधली, पोटमाळा कधी घातला आणि तो कशावर टेकला आहे, हे लिहून काढा. घरासाठी मजला चौरस मीटरला २०० किलो चल भार (माणसं, सामान यांचं बदलतं वजन) धरून आखतात (भारतीय मानक आयएस ८७५, भाग २). क्लासच्या वर्गाला ३०० किलो, किरकोळ दुकानाला ४०० किलो धरावे लागतात. ऑफिसला साठवणीची खोली वेगळी असेल तर २५०, नसेल तर ४००. म्हणजे घराच्या मजल्यावर क्लास सुरू झाला की गणित दीडपट होतं आणि दुकानाचं गोदाम आलं की दुपटीवर जातं. पाण्याची टाकी तर सरळ हिशेबाची आहे: एक मीटर उंच पाणी म्हणजे चौरस मीटरला एक टन.

गच्चीकडे विशेष लक्ष द्या. गळती थांबवायला दर काही वर्षांनी जुन्या ब्रिकबॅट कोब्यावर (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) नवा कोबा घातलेला असतो. सरासरी १२५ मिमी जाडीचा एक थर चौरस मीटरला साधारण २५० किलो भरतो. २०० चौरस मीटरच्या गच्चीवर असा एक थर म्हणजे ५० टन. दोन थर असतील तर शंभर. हे वजन कुठल्याही नकाशात नसतं. गच्चीला तीन-चार ठिकाणी स्लॅबपर्यंत भोक पाडून जाडी मोजा.

ऑडिट असं करून घ्या

मुंबईत ३० वर्षांपुढच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब प्रमाणे स्थैर्य प्रमाणपत्र लागतं. त्याच्या निकालावर सी-१ (रिकामी करून पाडणं), सी-२अ (रिकामी करून मोठी दुरुस्ती), सी-२ब (लोक राहत असताना मोठी दुरुस्ती) किंवा सी-३ (किरकोळ दुरुस्ती) असा वर्ग ठरतो. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा सांगितलं आहे. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची, उपकर भरणारी शहर भागातली इमारत असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडेही जावं लागतं.

प्रमाणपत्रासाठी केलेलं ऑडिट आणि मजला वाढवण्यासाठी लागणारं ऑडिट यांत फरक आहे. दुसऱ्यासाठी तळमजल्याचा एकेक खांब उघडायला हवा. टाइल किंवा प्लाय काढून खाली जमिनीपासून ३०० मिमीपर्यंत आणि मध्यावर निदान एक बाजू मोकळी करा. सर्वांत जास्त गंज खालीच असतो, कारण लादी धुतलेलं पाणी वर्षानुवर्षं तिथे मुरतं.

चाचण्यांबद्दल काही गोष्टी ठाम मागा. नुसत्या रिबाउंड हॅमरवर (पृष्ठभागावर आपटून ताकदीचा अंदाज देणारं उपकरण) विसंबू नका. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने कडक होतो, म्हणून हॅमरचा आकडा खऱ्या ताकदीपेक्षा चांगला येतो. त्याच्या जोडीला फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी हवी: ताज्या फोडलेल्या भागावर शिंपडल्यावर काँक्रीट गुलाबी झालं तर सळईचं संरक्षण शाबूत, रंग आला नाही तर गेलेलं. रंगहीन थर सळईपर्यंत पोचला असेल तर वरून कितीही चांगलं दिसलं तरी गंजाची तयारी झालेली आहे. हाफ-सेल चाचणीत (सळईचा विद्युत दाब मोजून गंज ओळखणाऱ्या) ताम्र-सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा जास्त ऋण आकडा आला तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक. ही चाचणी टाइलवरून किंवा कोरड्या प्लास्टरवरून घेतली तर निरर्थक. आणि गाभे (काँक्रीटचे कापून काढलेले दंडगोल नमुने) काढून दाबाची चाचणी कराच. एका भागाचे निदान तीन गाभे, सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के आणि एकही ७५ टक्क्यांच्या खाली नको. गाभा काढताना सळई कापली जाऊ नये म्हणून आधी सळई-शोधक फिरवून घ्या.

पायाचंही तेच. मुंबईत एकाच प्लॉटवर मुरूम, भराव आणि चिकणमाती तिन्ही सापडतात. दोन ठिकाणी पायापर्यंत खड्डा घेऊन त्याची लांबी, रुंदी, खोली प्रत्यक्ष मोजा. जुना नकाशा मिळाला तरी त्यावर भरवसा ठेवून मजला चढवणं चुकीचं.

मजला झेपेल का?

पद्धत कळावी म्हणून एक हिशेब. २०० चौरस मीटरची गच्ची, ६० मीटर परिघ, १६ खांब, गच्चीवर कोब्याचा एक थर.

वरचा मजला नेहमीच्या आरसीसीत आणि २३० मिमी विटांच्या भिंतींत बांधला तर स्लॅब, बीम, खांब मिळून साधारण ९२ टन. बाहेरच्या भिंती, मीटरला दीड टन धरून, ९० टन. आतल्या भिंती ६०, लादी २०, नव्या गच्चीचा कोबा ५०, चल भारातली वाढ ४०. एकूण ३५० टनांच्या घरात. जुना कोबा काढल्याचे ५० वजा केले तरी ३०० टन, म्हणजे खांबामागे सरासरी १९ टन. चाळीस वर्षांच्या खांबाकडून आणि पायाकडून ही अपेक्षा सहसा पुरी होत नाही.

तोच मजला स्टीलच्या चौकटीत, १५० मिमी हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंती आणि पत्र्याच्या छपराने केला तर बाहेरच्या भिंती २७ टन, आतली पार्टिशन १०, लादी २०, चल भारातली वाढ १०, आणि छप्पर, त्याची स्टील चौकट, सीलिंग व त्यावरचा चल भार मिळून ३०. एकूण ९७. कोबा काढल्यावर निव्वळ वाढ ४७ टन, खांबामागे तीन टन. (कडेचा खांब आणि मधला खांब यांच्या वाट्याला येणारा भार सारखा नसतो, म्हणून प्रत्येकाचा हिशेब इंजिनिअरने वेगळाच करायचा.) इथे काहीतरी शक्य आहे. आमचं मत स्पष्ट आहे: खाली दुकानं असलेल्या जुन्या इमारतीवर आरसीसीचा पूर्ण मजला चढवू नये. हलका मजलाही बसत नसेल तर विषय पुनर्विकासाचा आहे, आणि त्याची प्रक्रिया, संमती, भाडं सगळं वेगळं.

हलका मजला म्हणजे परवानगी लागत नाही, असा समज पसरलेला आहे. तो खोटा. चटई क्षेत्र, जिना, अग्निशमन, सगळे नियम तसेच लागू होतात.

भूकंपाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, कारण वजन कमी असलं तरी ते सर्वांत उंच जागी बसतं. शिवाय तळमजल्याला पुढून नुसती शटर्स आणि मागून भिंती असतात. अशी इमारत हादऱ्यात तळमजल्यावरच लचकते आणि पुढच्या बाजूकडे पिळवटते. उपाय म्हणजे जिन्याजवळ किंवा दोन टोकांना आरसीसीच्या कातर-भिंती (आडवा हादरा पेलणाऱ्या सलग भिंती). त्या एकाच कोपऱ्यात घातल्या तर पीळ वाढतो, म्हणून दोन्ही दिशांना तोल साधून ठेवायच्या.

खांबाची दुरुस्ती, तपशिलात

सगळ्यांत जास्त पैसे आणि सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

पहिलं काम टेकू. खांब फोडण्याआधी त्याच्यावर येणाऱ्या बीमना प्रत्येक मजल्यावर टेकू द्यायचे, एकाच उभ्या रेषेत, थेट जमिनीपर्यंत. टेकूखाली जाड लाकडी स्लीपर आणि प्लेट हवी. गाळ्याच्या लादीखाली गटार किंवा जमिनीतली टाकी असेल तर टेकू तिच्यावर उभा करू नका. शेजारचे दोन खांब एकाच वेळी कधीच फोडायचे नाहीत. एक सोडून एक घ्या.

फोडताना सळईच्या मागे २० ते २५ मिमी मोकळी जागा होईपर्यंत काँक्रीट काढायचं. सळईचा फक्त पुढचा भाग उघडून वरून मसाला थापला की मागचा गंज दोन पावसाळ्यांत तो मसाला फेकून देतो. गंज तारेच्या ब्रशने चमक येईपर्यंत काढा, व्यास मोजा. सळई पाचव्या हिश्शाहून जास्त झिजली असेल तर जोडीला नवी सळई पूर्ण लॅप देऊन (जुन्या सळईच्या शाबूत भागावर पुरेशी लांब चढवून) बांधा. उभ्या सळयांभोवतीच्या तुटलेल्या रिंगा बदलाच. खांब दबल्यावर सळया बाहेर फुगू न देण्याचं काम त्यांचं असतं. मग झिंकयुक्त प्रायमर आणि जुन्या-नव्याला जोडणारा बाँड कोट. हा कोट चिकट असेपर्यंतच काँक्रीट पडायला हवं. तो वाळला तर सांधण्याऐवजी दोन थर वेगळे करतो. सकाळी कोट मारून दुपारी शटरिंग लावणाऱ्या टोळीला तिथेच थांबवा.

उथळ खड्ड्यांना पॉलिमर मॉर्टर, एका थरात १० ते १५ मिमी. ५० मिमीपेक्षा खोल असेल तर मायक्रोकाँक्रीट (पोत्यात तयार मिळणारं, सहज वाहणारं बारीक काँक्रीट). ताकद वाढवायची असेल तर जॅकेट, म्हणजे खांबाभोवती नव्या आरसीसीचं वेष्टन: आयएस १५९८८ प्रमाणे जाडी निदान १०० मिमी आणि काँक्रीट जुन्यापेक्षा किमान ५ मेगापास्कल जास्त ताकदीचं. जॅकेटच्या सळया स्लॅबला भोकं पाडून पुढच्या मजल्यात न्यायच्या आणि खाली पायात अडकवायच्या. फॉल्स सीलिंगपाशी थांबलेलं जॅकेट भार घेत नाही, त्याचा उपयोग शून्य.

मालाची चोरी पकडायचा सोपा हिशेब लिहून ठेवा. २३० × ४५० मिमीचा खांब जॅकेटनंतर ४३० × ६५० होतो. तीन मीटर उंचीला नवं काँक्रीट ०.५३ घनमीटर. मायक्रोकाँक्रीटच्या २५ किलोच्या एका पोत्यातून साधारण साडेबारा लिटर माल निघतो, म्हणजे एका खांबाला ४२ पोती. बारीक खडी मिसळायची परवानगी दिली असेल तर कमी, पण ते प्रमाण कंपनीच्या कागदावर असायला हवं. रिकामी पोती मोजून घ्या. पाणी मापाच्या भांड्यानेच, पोत्यावर छापलेलं तेवढंच. माल सहज वाहावा म्हणून वरून ओतलेलं एक-दोन लिटर पाणी ताकद खातं आणि भेगा पाडतं.

गाळेधारकांचा विरोध बहुतेक वेळा जागेसाठी असतो आणि तो खराही आहे. वरच्या मापात प्रत्येक खांब जवळपास दोन चौरस फूट खातो, आणि आठ फुटांच्या गाळ्याची रुंदी दोन्ही बाजूंनी चार-चार इंच कमी होते. हे आधी सांगा, भरपाईचा दर सर्वसाधारण सभेत ठरवा आणि दुरुस्तीआधीचं व नंतरचं क्षेत्रफळ करारात लिहा. फायबर रॅप (इपॉक्सीने चिकटवलेलं मजबूत तंतूंचं कापड) कमी जागा घेतो हे खरं, पण तो गोल किंवा चौरसाजवळच्या खांबाला नीट आवळतो, लांबट खांबाला फारसा नाही. शिवाय त्याचा इपॉक्सी आगीत मऊ पडतो. खाली वडापावची कढई किंवा चायनीजची भट्टी चालणार असेल तर अग्निरोधक लेप दिल्याशिवाय तो वापरू नका. गंज तसाच ठेवून वरून रॅप गुंडाळणं तर कधीच नको.

शेजारी वाढ करायची असेल

मागच्या मोकळ्या जागेत नवा भाग जोडायचा असेल तर तो जुन्याला चिकटवू नका. आयएस ४३२६ प्रमाणे आरसीसी चौकटींच्या दोन भागांत मजल्यामागे २० मिमी अंतर हवं, म्हणजे पाच मजल्यांना १०० मिमी. या फटीत शटरिंगचं लाकूड किंवा मसाला अडकला तर फट असून नसल्यासारखी. वरची झाकणपट्टी एकाच बाजूला पक्की करायची. नवा भाग पाइलवर (जमिनीत खोल गेलेल्या खांबांच्या पायावर) आणि जुना उघड्या पायावर असेल तर दोन्ही सारखे खचत नाहीत. म्हणून पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या नळांना त्या फटीपाशी लवचीक जोड द्या. नव्या पायाचा खड्डा जुन्या पायाच्या तळाखाली जाणार असेल तर तुकड्या-तुकड्यात खोदा आणि आधी मातीला आधार द्या.

रेल्वेच्या बाजूचं

रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधकाम असेल तर रेल्वेची ना-हरकत लागते. तिला वेळ लागतो, म्हणून महापालिकेकडे नकाशा देतानाच त्या मार्गाला लागा. सोबत हद्दीपासूनचं मोजलेलं अंतर, पायाची खोली, खोदाईचा आधार, क्रेनची जागा आणि पावसाचं पाणी कुठे जाणार, हे द्या. पाणी रुळांकडे सोडणारा नकाशा परत येतो. मुंबईच्या उपनगरी मार्गावरची वीजवाहिनी आता २५ हजार व्होल्टची आहे. तिच्यापासून दोन मीटरच्या आत वीजपुरवठा बंद केल्याशिवाय कुणीच काम करत नाही. परांचीचा लांब पाइप, ओली दोरी, वाऱ्याने उडालेली हिरवी जाळी या तिन्ही गोष्टी जीव घेऊ शकतात. रुळांकडच्या बाजूला परांची इमारतीला दर मजल्यावर बांधा, जाळी दुहेरी आणि रोज तपासलेली. क्रेनचा हात रुळांवर फिरणार नाही असा अडथळा लावा. रुळांकडे तोंड असलेल्या पाट्यांत लाल, हिरवे, पिवळे दिवे नकोत, मोटरमनला सिग्नलचा भास होऊ शकतो.

आवाजासाठी त्या बाजूच्या घरांना सरकत्या खिडक्यांऐवजी बिजागरीच्या, रबरी पट्टी बसणाऱ्या खिडक्या आणि लॅमिनेटेड काच द्या. महाग काच सैल चौकटीत बसवली तर फरक पडत नाही, आवाज फटीतूनच येतो.

गर्दी, जिना आणि आग

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. स्टेशनबाहेरच्या इमारतीने आपल्या दारातली रुंदी या गांभीर्याने बघायला हवी. रहिवाशांचा जिना आणि दुकानांची वाट वेगळी ठेवा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत व्यापारी वापराला निव्वळ राहत्या इमारतीपेक्षा रुंद, दीड मीटरचा जिना लागतो. वर क्लास असेल तर सुटण्याच्या वेळी शंभर मुलं एकदम उतरतात, हे धरून जिना आखा. पायरीची उंची १५० मिमी, रुंदी ३०० मिमी, उतार (रॅम्प) असेल तर १:१२. जिन्याखालचे मीटर, चपलांचं कपाट, झेरॉक्सचं टेबल हलवा. दुकानं आणि घरं यांच्यात दोन तास आग अडवणारी स्लॅब-भिंत हवी. म्हणजे जुन्या नळांची आणि केबलींची भोकं अग्निरोधक मालाने भरा, तिथूनच धूर वर जातो. स्टीलच्या नव्या मजल्याला फुगणारा अग्निरोधक रंग किंवा बोर्ड लावा. साडेपाचशे अंशांच्या आसपास स्टीलची निम्मी ताकद जाते. खानावळीचा धूर नळीने थेट छपरावर न्या. आणि अग्निशमन यंत्रणेचं फॉर्म बी (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र) दरवर्षी जानेवारी व जुलैत भरायचं आहे, ही जबाबदारी कुणाची ते सोसायटी आणि गाळेधारकांच्या करारातच लिहा.

वरचे संडास-मोऱ्या दुकानांच्या डोक्यावर येतात, त्यामुळे तिथलं जलरोधन आधी आणि दुकानाचं सीलिंग नंतर. जलरोधनावर ५० मिमी पाणी ४८ तास साठवून खालून बघा, मगच लादी लावू द्या.

दुकानं चालू ठेवून काम

मोठं काम दिवाळी संपल्यावर लगेच सुरू करा आणि गच्ची, बाहेरचं प्लास्टर, नळ हे मेअखेर मिटवा. जूनमध्ये उघडी सळई नको. गाळे तीन-तीनच्या गटांत घ्या. एका गटाला टेकू, फोडणं, सळई, ओतणं, १४ दिवस पाणी मारणं आणि फिनिशिंग मिळून पाच ते सहा आठवडे लागतात. टेकू इंजिनिअरने लेखी सांगितल्याशिवाय काढू नका, दुकान लवकर उघडायच्या घाईत हीच चूक होते. कुठला गट कधी, हे धंदा बघून ठरवा: वह्या-पुस्तकांच्या दुकानाला जून आणि सोनाराला अक्षय्य तृतीया मोकळी द्या. बंद काळातलं भाडं किंवा पर्यायी टपरीची जागा आधीच कबूल करा. स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना बंदी घालणारा उच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश आहे, त्यामुळे ही तात्पुरती जागा फुटपाथवर धरू नका, आवारातच काढा.

फुटपाथवरच्या परांचीला वॉर्डाची परवानगी लागते. तिच्याखाली पत्र्याचं भक्कम छत घाला, कारण लोक तिथून जाणारच. डेब्रिज गोण्यांत भरून बंद घसरगुंडीतून उतरवा आणि त्याच रात्री हलवा. स्लॅबवर ढीग केला तर तो त्याच कमकुवत स्लॅबवर बसतो.

कंत्राट वस्तुनिहाय दराने द्या, एकरकमी नको. फोडल्यावर नुकसान अंदाजापेक्षा जास्त निघतंच, त्यासाठी २० टक्के वेगळे ठेवा. प्रत्येक खांबाला क्रमांक, फोडल्यावरचा फोटो, सळईचं मोजमाप, पोत्यांची संख्या आणि क्यूबचा (काँक्रीटच्या नमुना ठोकळ्याच्या दाब-चाचणीचा) निकाल एका पानावर लावा, आणि ते पान पूर्ण झाल्याशिवाय त्या खांबाचं बिल काढू नका. रकमेतले पाच टक्के दोन पावसाळे रोखून धरा. दुकानदाराला ताबा देताना करारात घाला की खांबाला ड्रिल, टाइल किंवा प्लाय लावायचं असेल तर आधी सोसायटीची लेखी परवानगी, आणि खालचा ३०० मिमी भाग कायम उघडा.